बंगल्यावरची माझी गैरहजेरी

‘आमच्याकडे एक अटेंडर होता. आवाज खणखणीत, पण कामावर टिकायचा नाही. महिनोन्‌महिने बेपत्ता. महिनाअखेर आली की उगवायचा, सह्या ठोकायचा आणि पगार उचलायचा. शेवटी चौकशी लागली. साहेबांनी मनात आणले असते तर तुरुंगात गेला असता; पण साहेब देवमाणूस. याने भर चेंबरमध्ये त्यांचे पाय धरले, ढसाढसा रडला, म्हणून नोकरी वाचली.’

हा मजकूर आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ हैदराबादच्या एका न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झाले. न्यायालयाच्या कार्यालयात शिपाई, अटेंडर, बेलीफ यांना कामे वाटून देणारा आणि त्यांची हजेरी ठेवणारा जो अधिकारी, तो नाझर. लेखात अटेंडरचे नाव नाही. नाझरांनी ते मोठ्या मनाने गाळले, असे मंडळाचे पदाधिकारी मला सांगतात. हे मोठे मन मला नको आहे. तो अटेंडर मी.

स्मरणिका घरी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. माझ्या मुलाला मराठी बोलता येते, पण वाचताना तो अडखळतो. इथल्या इंग्रजी शाळांत वाढलेल्या मुलांचे असेच होते. म्हणून सून वाचत होती. ती पुण्याची आहे, कंप्युटरच्या कंपनीत काम करते, छान वाचते. ‘सह्या ठोकायचा’ या शब्दांवर ती हसली. म्हणाली, "बाबा, हे तुमच्याच कोर्टातलं दिसतंय. भारीच नग होता की! कोण हो हा?"

मी म्हणालो, "मी."

तिचे हसू तोंडावरच राहिले. मुलाने मान खाली घातली. त्याला अर्धेमुर्धे माहीत होते. तिने स्मरणिका मिटली आणि अगदी मऊ आवाजात विचारले, "मग त्या वेळी तुम्ही खरंच कुठे होतात, बाबा?"

तिचा प्रश्न सरळ होता. त्यात कुत्सितपणा नव्हता. पण माझा हात ताटातच राहिला. वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेपुढे अशी धडकी भरावी, यावरून ती भीती किती खोल गेलेली असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. त्या दुपारी मला उत्तर देता आले नाही. ते आता देतो.

न्यायालयात माझे काम पुकाऱ्याचे. पांढरा गणवेश, छातीवर आडवा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. दालनाच्या दाराशी उभे राहायचे आणि पक्षकाराचे नाव तीनदा पुकारायचे. तिसऱ्या हाकेपर्यंत माणूस आला नाही, तर तो गैरहजर. एखाद्या विधवेचा दावा त्या तिसऱ्या हाकेवर निकालात निघू शकतो. म्हणून मी नाव घाईने उरकत नसे. तेलुगू नाव तेलुगू माणसासारखे, उर्दू नाव उर्दू माणसासारखे, जसे त्याच्या घरात घेत असतील तसे. जिन्याखाली चहा पीत बसलेला म्हाताराही माझी हाक ऐकून धावत येई. त्या आवाजाचा मला अभिमान होता. आजही आहे.

मग नवे न्यायाधीश साहेब बदलून आले. ते तेलुगू, त्यांच्या पत्नी पुण्याच्या. नाझरांनी मला बोलावले. आम्ही दोघेही जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी शेतकरी घराण्यांतले, त्यामुळे त्यांचा सूर घरचा होता.

"अरे बाबा, बाईसाहेबांना तेलुगू येत नाही, इथली हिंदी कळत नाही. तू मराठी आहेस. चार दिवस बंगल्यावर जाऊन ये."

"ऑर्डर काढणार का, नाझरसाहेब?"

"बंगल्याची कधी ऑर्डर असते का, येड्या?"

त्यांचे बरोबर होते. न्यायालयाच्या नोकराला साहेबाच्या घरी राबवावे असे कोणताही नियम म्हणत नाही. म्हणून बंगल्याचे काम कधीच कागदावर येत नसे. ते फक्त तोंडी असे. पण पगार तर कागदावर होतो. त्यासाठी आमच्याकडे एक पद्धत होती, माझ्या आधीपासून चालत आलेली. बंगल्यावरची माणसे महिनाअखेरीस कार्यालयात येत, एका बाकावर बसत, आणि नाझर पाने उलटतील तसतशा संपूर्ण महिन्याच्या सह्या एका बैठकीत करीत. नाझर पंख्याखाली उभे राहून म्हणत, "उरका रे, उरका." आम्ही उरकत होतो. कोणाला त्यात खोटे काही वाटत नव्हते. आम्ही महिनाभर राबलेलोच होतो. फक्त कुठे, ते लिहायचे नव्हते.

चार दिवसांचे महिने झाले.

बंगल्यावर मी भाजी निवडली, इस्त्री केली, फरशी पुसली, कुत्र्याला आंघोळ घातली. माझा पाण्याचा पेला मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर पालथा ठेवलेला असे. तो आत नेलेला चालत नसे. का, ते कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. बाईसाहेब मला सर्वांदेखत ‘अरे’ म्हणत. एकदा मी म्हणालो, "भाजी आणून राहिलो, बाईसाहेब." त्या मैत्रिणीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? ‘आणून राहिलो’! हे मराठी म्हणे! आमच्याकडे पुण्याला मोलकरणीसुद्धा शुद्ध बोलतात गं."

मी गप्प राहिलो. आज बोलतो. माझ्या वडिलांनी उर्दू शाळेत धडे गिरवले आणि घरी येऊन कंदिलापाशी मराठी अक्षरे घोटली. निजामाच्या राज्यात मराठी टिकवायला जिद्द लागत असे. पुण्यात ती लागत नव्हती. आणि हा लेख मी ज्या मराठीत लिहितो आहे, तीही माझीच आहे. बाईसाहेबांनी वाचावी.

आता तो रविवार. साहेबांच्या मुलाचा वाढदिवस होता, दुपारचे जेवण. वकील, अधिकारी, त्यांच्या बायका. मला सांगण्यात आले होते की कोर्टाचा गणवेश घालून ये, पट्ट्यासह. मला वाटले, पाहुण्यांच्या मानासाठी असेल. पाने मांडून झाली तेव्हा बाईसाहेब टाळी वाजवून म्हणाल्या, "थांबा हं, कोणी बसायचं नाही! आमच्याकडे पुकारा झाल्याशिवाय जेवण मिळत नाही." मग माझ्याकडे वळून, "हं, कर सुरू. कोर्टात करतोस तसाच."

मी पाहुण्यांची नावे पुकारली. एकेक जण हात जोडून, खोट्या भीतीने थरथरत, "हाजिर है, हुजूर!" म्हणत आत येई आणि हशा पिकत असे. ज्या हाकेवर माणसाचे घर जाते किंवा राहते, त्या हाकेचा पोरखेळ चालला होता आणि तो माझ्या गळ्यातून चालला होता. तरीही मी पुकारत होतो. सगळे आत आले. मला वाटले, संपले.

तेव्हा मुलगा ओरडला, "मम्मी, ब्रूनो रह गया!"

ब्रूनो त्यांचा कुत्रा.

बाईसाहेब हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की! आरोपी ब्रूनो. पुकार रे त्याला. तीनदा हं, नाहीतर बिचारा गैरहजर लागायचा!"

मी साहेबांकडे पाहिले. मला खरोखर वाटले होते की ते थांबवतील. ते न्यायासनावर बसत, मी दाराशी उभा राहून हाक देई आणि त्या हाकेनंतरच त्यांचे काम सुरू होई. त्या हाकेचे मोल त्यांच्याइतके त्या खोलीत कोणाला ठाऊक होते? त्यांच्या हातात वाटी होती. ते तेलुगूत म्हणाले, "कानिव्वु." होऊ दे.

माझे तोंड उघडले नाही.

"काय रे, आवाज गेला का?"

"नाही, बाईसाहेब."

"मग?"

"हा पुकारा कोर्टाचा आहे. कुत्र्यासाठी नाही."

हे वाक्य मी शौर्याने उच्चारले असे कोणी समजू नये. अंगरखा पाठीला चिकटला होता. वाक्य बाहेर पडल्यावर मीच दचकलो, जणू ते मागून कोणी दुसऱ्याने म्हटले होते. एका वकिलीणबाईंनी उगाच पापडाची चौकशी केली. साहेब शांतपणे म्हणाले, "उद्या बोलू." मी स्वयंपाकघरात गेलो आणि उरलेली सगळी भांडी घासली. भीती माणसाकडून असेही करवून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसथांब्यावर उभा होतो. बंगल्याकडे जाणारी बस आली आणि गेली. मी चढलो नाही. मग कोर्टाकडची आली. तिच्यात चढलो. कार्यालयात पोहोचलो, सकाळीच, सर्वांच्या आधी, आणि नाझरांच्या समोर उभे राहून त्या एका दिवसाची सही केली.

नाझर म्हणाले, "तू इथे काय करतोस?"

"हजर झालो, नाझरसाहेब."

"कोणाला विचारून?"

न्यायालयाच्या नोकराला न्यायालयात हजर होण्यासाठी कोणाला विचारावे लागते, हे मला तेव्हाही कळले नाही.

आठवडा सरण्यापूर्वी मी निलंबित झालो. आरोप दोन. पहिला: बंगल्यावरचे ते सगळे महिने मी विनापरवाना गैरहजर होतो. दुसरा: मागाहून एकगठ्ठा सह्या करून मी हजेरीचा आभास निर्माण केला आणि पगार घेतला, म्हणजे अप्रामाणिक वर्तन. सह्या एकाच शाईतल्या, एकाच वळणाच्या, एकाच बैठकीतल्या आहेत, असे त्यात म्हटले होते. ते खरेच होते. पाने कोण उलटत होते, तेवढे म्हटलेले नव्हते.

लेखी उत्तरात मी लिहिले की मी साहेबांच्या निवासस्थानी काम करीत होतो. त्यावर तिसरा आरोप वाढला: वरिष्ठांवर खोटे लांछन.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नाझरांनी माझी प्रतिमा शिस्तीच्या शत्रूची रंगवली आहे. न्यायालयातला नोकर कामाला दांडी मारत असेल, खोटे बोलत असेल, तर त्याला कठोर शिक्षा व्हावी, या मताचा मी आहे. बेलीफ समन्स न बजावता घरी झोपला तर एका गरिबाची तारीख फुकट जाते. असे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी मी एक शब्द बोलणार नाही. पण शिस्तीचा बडगा ज्यांनी माझ्यावर उगारला, त्यांनीच मला न्यायालयातून उचलून आपल्या मोरीत नेऊन बसवले होते.

त्यानंतरचे दिवस भीतीचे. मला दुसरा शब्द सापडत नाही. कोर्टाच्या आवारात गेलो की ओळखीची माणसे बूट बांधायला वाकत. कोणीतरी घरी निरोप आणला की फसवणुकीचा गुन्हा दाखल होणार, पोलीस येणार. तेव्हापासून पत्नी दाराला दिवसाही कडी लावू लागली. कुकरची शिटी झाली तरी मी उठून उभा राहायचो. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला मी म्हणालो, माझ्यासाठी साक्ष द्या. तो तराजूत डाळ ओतत राहिला. वर न पाहता म्हणाला, "भाई, जज का मामला है. हमारे भी बच्चे हैं."

पत्नी म्हणाली, "अहो, एकदा वाका की. वाकल्यानं काय माणूस मोडतो का? घर चालायला नको?"

मी म्हणालो, "कुठल्या गुन्ह्यासाठी वाकू?"

ती म्हणाली, "गुन्हा नसला तरी वाकतात की लोक. आपले सगळे वाकतच आलेत." आणि ती रडू लागली. स्मरणिकेत जे रडणे छापले आहे, ते असेल तर एवढेच. ते तिचे होते. आमच्या स्वयंपाकघरातले होते. चेंबरमधले नव्हते.

चेंबरचेही सांगतो. चौकशी सुरू होण्यापूर्वी नाझर मला तिथे घेऊन गेले. वाटेत, जिन्यावर, ते पुन्हा घरच्या सुरात बोलले. "हे बघ, आईच्या आजारपणामुळं गैरहजर होतो म्हण. पाय धर. साहेब समज देतील, सोडतील. माझीही मान यात अडकलीय रे." त्यांचा हात थंडगार होता. तेही घाबरलेले होते. पाने उलटणारा हात त्यांचाच होता ना. त्यांची भीती मी तेव्हा ओळखली आणि आजही ओळखतो. त्यांना क्षमा मात्र करीत नाही.

आत साहेब बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. पाय टेबलाखालून बाहेर यावेत, एवढीच. काळे, चकचकीत बूट. आदल्या महिन्यापर्यंत ते मीच पुसत होतो.

नाझरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. "धर. संपव."

माझे गुडघे लटपटत होते, आणि लटपटणारे गुडघे वाकवणे फार सोपे असते. त्यांना नुसते सोडून दिले की पुरे. मी टेबलाची कड पकडली. बोटे पांढरी होईपर्यंत पकडली. कोणाच्याही पायाला त्या दिवशी माझा हात लागला नाही. मी एवढेच म्हणालो, "चौकशी होऊ द्या, साहेब."

त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

चौकशी दुसऱ्या एका न्यायाधीशांपुढे झाली. मी दाराशी, उंबऱ्यावरच उभा होतो. माझ्या जागी पुकाऱ्याला यादगिरी नावाचा तरुण अटेंडर होता. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "माफ करो अण्णा, तीन बार पुकारने बोले." आणि मी हातभर अंतरावर उभा असताना त्याने माझे नाव आवारभर पुकारले. पहिल्या हाकेला मी "हजर" म्हणालो. त्याने दुसरी दिली. मी पुन्हा "हजर" म्हणालो. तिसरी देताना त्याचा आवाज फाटला. आयुष्यभर ज्या हाका मी इतरांना दिल्या, त्या अंगावर कशा येतात हे मला तेव्हा समजले. आपण खरोखर कुठेतरी पळून गेलो होतो की काय, असे क्षणभर वाटते.

नाझरांनी शपथेवर सांगितले: बंगल्यावर अटेंडर पाठवण्याची पद्धत या न्यायालयात नाही, हा मनुष्य कुठे असे ते मला ठाऊक नाही, सह्या त्याने माझ्या नकळत केल्या. मला विचारण्यात आले, बंगल्यावर होता याला कागद आहे का? मी म्हणालो, नाही. साक्षीदार? मी म्हणालो, जे पाहणारे आहेत ते घाबरलेले आहेत. मग मी एक गोष्ट सांगितली. लघुलेखकाची पेन्सिल चालू झाली होती. चौकशी अधिकाऱ्यांनी हात वर केला. "हे घेऊ नका." पेन्सिल थांबली.

सर्व आरोप सिद्ध धरले गेले. वेतनवाढी रोखल्या, ते महिने सेवेतून वजा केले, आणि माझी बदली सिकंदराबादेकडच्या न्यायालयात झाली. नाझर म्हणतात ती दया हीच. वाटेल त्याने तिला दया म्हणावे. निवृत्त होईपर्यंत मी रोजची सही रोज सकाळी केली आणि पुन्हा कुठल्याही बंगल्याची पायरी चढलो नाही. तसा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा मी म्हणालो, लेखी आदेश द्या. दोन्ही वेळा तो मिळाला नाही. दोन्ही वेळा मला रात्रभर झोप लागली नाही, हेही नोंदवतो. भीती गेली नाही. तिच्यासकट नाही म्हणता येते, एवढे मी शिकलो.

मंडळाच्या अध्यक्षांनी मला सुचवले की जुन्या गोष्टी उगाळू नयेत, सगळे आता पिकली पाने आहेत. मी त्यांना लेखी कळवले आहे: नाझरांचा मजकूर मागे घेतला जाईपर्यंत मी प्रत्येक सभेत उभा राहीन आणि हे वाचून दाखवीन. आवाज अजून आहे. माझी माफी कोणाला मिळणार नाही आणि माझ्याकडून कोणी ती मागू नये. साहेब आज नाहीत, म्हणून मी मऊ व्हावे असेही कोणी सांगू नये.

आणि सूनबाई, ही ती गोष्ट, जिच्यापाशी पेन्सिल थांबवली गेली.

त्या सोमवारी सकाळी, मी कोर्टात नाझरांच्या समोर सही करीत असताना, साहेबांची सरकारी गाडी अंबरपेठेत आमच्या दारापुढे येऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला आणि गल्लीतल्या सर्वांच्या देखत त्याने तुझ्या सासूबाईंना विचारले, "भाभी, भाई कां हैं? रोज वक्त पे आते, आज नागा कैसा? मेमसाब पूछरे." नागा म्हणजे खाडा. ज्या महिन्यांत मी बेपत्ता होतो असे नाझर लिहितात, त्या सगळ्या महिन्यांत मला शोधायला कोणीही आले नव्हते. मला शोधायला गाडी आली ती एकदाच, आणि त्या दिवशी मी न्यायालयात हजर होतो.